उकिरड्यावरची पणती

पाडव्याच्या पहाटे आमच्या घरात सर्वांच्या आधी आई उठते. बाहेर अजून झुंजूमुंजूही झालेले नसते. ती सारे घर झाडून काढते, केर एका जुन्या सुपात भरते, त्यात मधोमध एक पणती ठेवते आणि ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे पुटपुटत अंगणात उतरते. हा केर आणि ही पणती उकिरड्यावर नेऊन ठेवायची, ही आमच्या खानदेशातल्या खेड्यातली जुनी रीत. लहानपणी मला तिचे मोठे नवल वाटे. तुळशीपुढे दिवा लावावा, उंबऱ्यावर लावावा, गोठ्यात गाईम्हशींपुढे लावावा. पण जेथून एरवी नाक दाबून जायचे, त्या उकिरड्यावर दिवा कशाला? मी एकदा आईला तसे विचारलेही. ती म्हणाली, “अरे, तोही घरातलाच आहे. आपण त्याचेच तर खातो.”

हे उत्तर मी ऐकले आणि विसरून गेलो. त्याची आठवण मला करून दिली ती एका परदेशी पाहुण्याने, २०२३ सालच्या दिवाळीत. ती हकिगत सांगण्यासारखी आहे. तिच्यात माझी फजिती आहे. पण दिवाळीच्या दिवसांत दुसऱ्याच्या फजितीने चार घटका करमणूक होत असेल तर होऊ द्यावी.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा शिकायला हॉलंडात आहे. त्याचा एक मित्र हिंदुस्थान पाहायला आला होता. वय सव्वीस-सत्तावीस, ताडमाड उंच, डोळ्यांवर चष्मा. तिकडे तो रासायनिक खते न घालता भाजीपाला पिकवणाऱ्या एका शेतावर काम करीत असे. त्याला ताजमहाल पाहायचा नव्हता. खेडे पाहायचे होते. इंग्रजी बोलणारा आणि शेती असलेला मास्तर म्हणून सहकाऱ्याने माझे नाव सुचवले आणि धनत्रयोदशीला पाहुणा आमच्या दारात उभा राहिला.

आता परदेशी माणसाला काय दाखवावे? मी त्याला आमची केळीची बाग दाखवली. ठिबकच्या नळ्या कशा पसरल्या आहेत, पाणी थेंबाथेंबाने मुळाशी कसे पडते, विद्राव्य खत त्या पाण्यातूनच कसे सोडतात, हे सारे तपशीलवार सांगितले. तो सभ्यपणे मान हलवत होता. वर्गात विद्यार्थी अशी मान हलवू लागले, की त्यांचे लक्ष खिडकीबाहेर आहे हे मी ओळखतो. पाहुण्याचे लक्षही तसेच कोठेतरी होते. परत येताना आम्ही गोठ्यामागून आलो आणि तेथे तो एकदम थांबला.

तेथे आप्पांचा उकिरडा होता. आप्पा म्हणजे माझे वडील. बैलजोडी विकून बरीच वर्षे झाली. आता गोठ्यात एक गाय आणि तिची कालवड एवढेच गोधन. तेवढ्यावर आप्पा गोठ्यामागच्या बोळात एक लहानसा उकिरडा राखून होते. शेण, गव्हाणीतले उरलेसुरले वैरण, चुलीची राख, केळीची वाळकी पाने, भाजीची देठे असे काहीबाही त्यात पडे. पाहुण्याने पिशवी खाली ठेवली, बाही कोपराच्या वर सारली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या ढिगात हात खुपसला! दोन क्षण तसाच राहिला. मग हात बाहेर काढून त्याने मूठभर खत नाकाशी नेले आणि एखाद्याला अत्तराचा फाया मिळावा तसा त्याचा चेहरा फुलला. गल्लीतली पोरे खिदळू लागली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी घाईघाईने इंग्रजीत सांगितले, की हा नुसता कचऱ्याचा ढीग आहे, आपण पुढे जाऊ.

“कचरा नाही,” तो म्हणाला, “आत चांगला गरम आहे. हा कोणी रचला?”

आप्पा काठी टेकत आले. पाहुणा प्रश्न विचारू लागला. यात काय काय घालता? पाणी किती? किती दिवसांनी खालीवर करता? शेतात केव्हा नेता? आप्पांनी सांगितले, की आखाजी झाली की खत काढायचे आणि पावसाच्या आधी पसरायचे. कच्चे खत शेतात टाकायचे नाही, त्याने हुमणी लागते. मी मधे उभा राहून दुभाष्याचे काम करीत होतो आणि मनात ओशाळत होतो; कारण यांतला एकही प्रश्न उभ्या आयुष्यात मी आप्पांना विचारला नव्हता. आप्पांना इतके बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

बोलता बोलता पाहुणा एकदम म्हणाला, “इंदूर, इंदूर!” मला वाटले, याला आता इंदूरला जायचे आहे. आमच्या भागातल्या कितीक घरांचे सोयरेधायरे इंदुरात असतात. माझी एक मावशीही तेथेच. मी त्याला गाडी कोठे धरायची आणि सराफ्यात रात्री काय खायचे ते सांगू लागलो. तो हसला. त्याला गाव नको होते. ‘इंदूर’ हे खत करण्याच्या एका पद्धतीचे नाव आहे, आणि त्याच्या देशात सेंद्रिय शेती शिकणाऱ्या मुलांना ते पहिल्या धड्यातच भेटते, असे त्याने मला समजावून सांगितले. जन्मभर मावशीच्या गावाला गेलेल्या मला ही गोष्ट हॉलंडच्या पोराकडून कळावी!

पाहुणा गेल्यावर मी ते पुस्तक मागवून वाचले. त्याची कथा अशी.

आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्लंडातल्या श्रॉपशायर परगण्यातला शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८७३. केंब्रिजला शिकला, काही वर्षे वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरच्या बुरशीचा अभ्यास केला आणि १९०५ साली बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. त्याची पत्नी गॅब्रिएल हीही तशीच विदुषी. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती तयार केल्या. पण पुशाला आल्यावर हॉवर्डच्या एक गोष्ट ध्यानात आली. आसपासचे शेतकरी औषधे फवारीत नव्हते, विकतचे खत घालीत नव्हते, तरी त्यांची पिके रोगापासून बरीच मोकळी होती. दुसरा एखादा साहेब ‘दैवयोग’ म्हणून पुढे गेला असता. हा तेथे थांबला. या शेतकऱ्यांना आणि पिकांवर पडणाऱ्या किडींना आपले गुरू करायचे, असे त्याने ठरवले. शेतकरी काय करतो ते पाहायचे. आणि कीड कोठे पडते ते पाहून तेथे आपले काय चुकले ते शोधायचे. त्याच्या बैलांनी कुंपणावरून शेजारच्या लाळ्याखुरकताच्या जनावरांच्या नाकाला नाक लावले तरी त्यांना रोग झाला नाही, असेही त्याने लिहून ठेवले आहे. एवढे वाचून कोणी जनावराला लस टोचायची टाळू नये. परंतु जमीन निरोगी तर पीक निरोगी, आणि पीक निरोगी तर ते खाणारा जीव निरोगी, हा त्याचा विचार तेथे रुजला.

१९२४ साली तो इंदूरला आला. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, कापूस समितीने व मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी पैसा पुरवला आणि वनस्पतिविषयक संशोधनाची एक संस्था उभी राहिली. जमीन आमच्यासारखीच काळी, कापसाची. येथे त्याने उकिरड्याचे शास्त्र केले. अमेरिकेतले मृदाशास्त्रज्ञ किंग १९०९ साली चीन, कोरिया व जपान हिंडून आले होते. चाळीस शतके तीच जमीन कसूनही तेथले शेतकरी तिचा कस कसा टिकवतात, ते सांगणारे त्यांचे पुस्तक १९११ साली निघाले. चिनी शेतकऱ्याची ही विद्या आणि हिंदी शेतकऱ्याच्या घरचा माल यांची हॉवर्डने सांगड घातली. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद असे उथळ खड्डे. त्यांत पालापाचोळा व काडीकचरा, त्यावर शेण, गुरांच्या मुताने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख, असे थरावर थर. दाबून बसवायचे नाही, कारण आतल्या सूक्ष्म जीवांना हवा हवी. वाळू द्यायचे नाही, कारण त्यांना पाणी हवे. दोनचार दिवसांत ढीग आतून तापतो. उष्णता साठ अंशांच्याही वर जाते आणि तणांचे बी, रोगांचे बीज मरून जाते. तीन वेळा खालीवर केले, की तीन महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत तयार. कपाशीच्या पऱ्हाट्या फार टणक, लवकर कुजत नाहीत. त्यावरचा तोडगा तर मला फारच आवडला. हॉवर्डने त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवल्या. बैलगाड्या जाता-येता चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा झाला!

१९३१ साली या पद्धतीचे पुस्तक निघाले. त्यावर हॉवर्डच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे; रसायनाची बाजू त्यांनी सांभाळली होती. पद्धतीला मात्र साहेबाने स्वतःचे नाव न देता गावाचे दिले. गांधीजींनी १९३५ साली ‘हरिजन’मध्ये ती लोकांपुढे ठेवली. चहा-कॉफीच्या मळ्यांतून ती सिलोन आणि केनियापर्यंत पोचली. १९४० साली हॉवर्डचे मोठे पुस्तक आले आणि आज जगभर जिला सेंद्रिय शेती म्हणतात, तिच्या मुळाशी ते आहे.

हे मी रात्री आप्पांना वाचून दाखवले. गोठ्यातल्या मुताच्या मातीचा भाग आला तेव्हा ते म्हणाले, “ते साहेबाने बरोबर पाहिले. आपण शेण राखले, मूत वाया घालवले.” हॉवर्डने आमची नुसती वाहवा केली नाही, आमची चूकही पाहिली, आणि आप्पांना त्याचा राग आला नाही. चूक दाखवणारा आधी बसून पाहणारा होता, म्हणून असेल.

पण मी पुढचे आधी सांगितले. पाहुणा अजून आमच्या घरीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघाली आणि पाहुण्याने फोटो काढायला भ्रमणध्वनी बाहेर काढला. निसर्गाशी एकरूप झालेले हे जीवन किती सुंदर आहे, असे काहीसे तो म्हणाला. आईने मला विचारले, “काय म्हणतो तो?” मी सांगितले. ती पाटी खाली ठेवीत म्हणाली, “त्याला म्हणावे, जरा उचलून बघ.”

पोरगा दिलदार. त्याने चुंबळ करवून घेतली, पाटी डोक्यावर घेतली. पहिल्याच फेरीत शेणाचे पाणी त्याच्या मानेवरून सदऱ्याच्या आत उतरले. तरी हट्टाने त्याने उरलेल्या फेऱ्या पुऱ्या केल्या. संध्याकाळी मान वळेना, तेव्हा आईनेच त्याला तेल चोळून दिले. “पस्तीस वर्षे वाहिली मी,” ती म्हणाली, “आणि यातले निम्मे शेण तर गोवऱ्या थापण्यात गेले. शेतासाठी ठेवायचे म्हटले असते तर चुलीत काय घातले असते? माझे हात?”

आईने विचारलेला हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आणखी एका साहेबाला पडला होता, हेही मी नंतर वाचले. फोल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८८९ सालच्या अखेरीस इकडची शेती सुधारण्यासाठी सरकारने पाठवला. वर्षाहून अधिक काळ तो हिंडला आणि १८९३ साली त्याचा अहवाल निघाला. चांगला हिंदी शेतकरी सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसच आहे, असे त्याने स्वच्छ लिहिले. शेण जाळतात म्हणून येथली रयत अडाणी, असे त्या काळी सर्रास बोलले जाई. फोल्करने चूल पाहिली. लाकूड मिळत नाही म्हणून शेण जाळावे लागते. तेव्हा आधी जळणासाठी झाडे लावा, असे त्याने सरकारलाच सांगितले. त्याने आमच्या आईच्या बाजूने साक्ष दिली, असेच म्हणायचे! आज आमच्या घरी गॅस आहे, गोवऱ्या कोणी थापीत नाही. शेण शेतात जायला मोकळे झाले. पण तोवर गोठाच रिकामा झाला.

आणि आता पाडव्याची पहाट.

पाहुण्याला मी आदल्या रात्रीच या रीतीविषयी सांगून ठेवले होते. तो थंडीत घोंगडी गुंडाळून ओट्यावर बसला होता. आई सूप घेऊन अंगणात उतरली. पण ती गोठ्यामागे गेली नाही. अंगणाच्या उजव्या कोपऱ्यात, कडुलिंबाखाली गुळगुळीत सिमेंटच्या फरश्या आहेत. तेथे तिने सूप टेकले, नमस्कार केला आणि ती परत फिरली. पणती फरशीवर एकटीच जळत राहिली.

पाहुण्याने विचारले, “उकिरडा तर मागे आहे. दिवा येथे का?”

मला उत्तर येत होते. बारा वर्षे मी ती पणती तेथे पाहत होतो. पण कोणी विचारले नव्हते, म्हणून सांगावे लागले नव्हते.

२०११ साली कर्ज काढून मी हे घर बांधले. वास्तुशांतीला शहरातले माझे चार लेखक मित्र येणार होते. माझ्या पहिल्या कादंबरीतल्या मातीच्या वासाच्या वर्णनाची त्यांनी फार तारीफ केली होती. मातीचा वास छापील पानावर गोड असतो. पण दारासमोर आजोबांच्या वेळेपासूनचा उकिरडा, त्यावर माश्या आणि कोंबड्या, आणि बाजूला खुर्च्या मांडून साहित्यचर्चा, हे चित्र मला सोसवेना. आप्पा म्हणाले, “आखाजीपर्यंत थांब. खत पिकू दे, मग शेतात नेऊन टाकू.” मला थांबायला वेळ नव्हता. मी यंत्र बोलावले. तासाभरात जागा सपाट झाली. ढिगाचे काय करायचे, असे यंत्रवाल्याने विचारले, तेव्हा मी हाताने नाल्याकडे बोट दाखवले. आप्पा पाठ करून ओट्यावर बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फरश्या बसल्या. वास्तुशांत थाटात झाली. मित्रांनी अंगण वाखाणले.

त्या दिवाळीपासून आई फरशीवर पणती ठेवू लागली. ती रागाने ठेवीत नसावी. तिच्या लेखी उकिरड्याची जागा तीच होती. माणूस गेल्यावर त्याच्या जागी आपण दिवा लावतो, तसे ते असावे. मी मात्र दरवर्षी ती पणती दिसली की दुसरीकडे पाहत असे.

हे सारे मी पाहुण्याला सांगितले. इंग्रजीत सांगितले म्हणून सांगता आले. मराठीत जीभ वळली नसती. “कोणी काढला?” या प्रश्नाला ‘मी’ एवढे एकच अक्षर, पण ते उच्चारताना मला घाम फुटला. तो काही बोलला नाही. उपदेशही केला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “तुमचे वडील मला दोन तास शिकवत होते. तुम्ही भाग्यवान आहात, घरातच आहेत.”

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी म्हण मी वर्गात किती वेळा वाक्यात उपयोग करून दाखवली आहे. २०११ ते २०२३, हिशेब बरोबर बारांचा होता.

भाऊबीज झाल्यावर पाहुणा गेला. पुढच्या रविवारी मी पहार आणली आणि कोपऱ्यातल्या फरश्या उचकटू लागलो. शेजारी कुंपणावरून म्हणाले, “सर, इतक्या चांगल्या फरश्या! नळ फुटला का?” आप्पा काठी टेकत आले. ‘बरे केलेस’ असे ते म्हणाले नाहीत. काठीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढून त्यांनी खड्ड्याची हद्द आखून दिली आणि सांगितले, “लिंबाच्या सावलीत घे. ऊन लागले तर वाळतो.” आईनेही आपली अट घातली, “पाटी आता मी उचलणार नाही.” ती मी उचलतो. पहाटे, शाळेच्या आधी, अंघोळीच्याही आधी. पहिले आठ दिवस माझीही मान वळत नव्हती.

याने माझे शेत सेंद्रिय झाले असे कोणी समजू नये. एका गाईच्या शेणावर केळीची बाग पोसत नाही. दुकानातून गोण्या अजून येतात. पण २०२४ च्या आखाजीला आप्पांनी उकिरडा उघडला, तेव्हा खत काळे आणि भुसभुशीत निघाले. एक ट्रॉलीही पुरी भरली नाही. आप्पांनी ते केळीला न घालता बांधाजवळच्या ज्वारीच्या तुकड्यात पसरायला लावले, आणि पसरताना माझ्या हातातले फावडे दोनदा काढून घेऊन कसे पसरायचे ते दाखवले. चाळिशी उलटलेल्या मास्तरला अशी शिकवणी मिळाली. त्या साली पाडव्याला सूप आईने धरले आणि पणती मी. ती उकिरड्यावर ठेवली तेव्हा खालून ऊब येत होती.

पाहुण्याचे अधूनमधून पत्र येते. घरच्या सर्वांची खुशाली विचारून झाली, की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो, उकिरडा कसा आहे? परवा असेच पत्र आले. मी ते आप्पांना वाचून दाखवले. ते उठले, काठी लिंबाला टेकवून ठेवली, बाही वर सारली आणि हात ढिगात घातला. बराच वेळ तसेच उभे राहिले.

“लिही त्याला,” ते म्हणाले, “गरम आहे.”